नारळाविना गाऱ्हाणं

॥ श्री ॥

पोलादपूर, २ डिसेंबर
वरंधहून सामान नीट पोचलं. हिशेबाच्या वहीत मागची पानं कोरी आहेत, वाया कशाला घालवा, म्हणून तिथेच लिहिते. मुलाची नोकरी मुंबईला, म्हणून सुनेच्या, वैशालीच्या, सोबतीला आले. घर उजेडाचं. वरच्या खोलीत ती काम करते, खिडकीतून सावित्री नदी दिसते. शेजारच्या शकूने आल्या आल्या विचारलं, सून काय करते गो? म्हटलं, कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. तर म्हणाली, तुझी बसल्या जागी पगार घेते, माझी बसल्या जागी फुगते! हसून हसून पोट दुखलं.

५ डिसेंबर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. वैशालीच्या खेळात वेताळ आहे, झोटिंग आहे, पाण्यातला गिऱ्हा आहे. परदेशी ड्रॅगनना लोक कंटाळले म्हणे. आता वरंधच्या शिवेवरचा आपला राखणदार घालायचाय. घोंगडी, काठी, काठीला घुंगरू. खेळणाऱ्याने हाक मारली की तो यायचा. हाक खरी वाटावी म्हणून मला गाऱ्हाणं घालायला लावलं. घातलं मोबाइलसमोर: ये बा राखणदारा, या घरच्या हाकेला ये. आधी नारळ ठेवायचा असतो. घरात एकच, तो कलशावर. नुसत्या रेकॉर्डिंगला दुसरा कशाला, म्हणून आणला नाही. त्याला परत जागेवर बसवायचं शेवटचं बोलणं तिने लांबतं म्हणून कापलं.

१० डिसेंबर
खेळ लोकांना चाचणीला दिलाय. पाहिला. माझाच आवाज घुमतो, तो येतो, मग त्याला तलवारीने मारायचं. राखणदाराला कुणी मारतं का, विचारलं. आई, तो परत उठतो ना, म्हणाली. दिवसाला चाळीस हजार हाका जातात म्हणे.

१२ डिसेंबर
घसा बसला. पोथी शकूने वाचली. भिकू भावोजींचा वरंधहून फोन: वैनी, शिवेवरचा राखणदाराचा धोंडा आडवा पडलाय, गुरं तिकडनं जात नायत.
भर दुपारी दारात घुंगरू वाजलं. अंगणात कुणी नव्हतं. धुळीत काठीचे टेके, थेट उंबऱ्यापर्यंत.

१४ डिसेंबर
आवाज पार गेला. वैशालीच्या खांद्यावर लांब वळ, तलवारीसारखा. टेबल लागलं म्हणते. खेळात त्याला तिथेच मारतात. पाटीवर लिहून दिलं, माझी हाक काढून टाक. तिने काढली. तरी खेळात येते म्हणे. कशी ते तिलाही कळत नाही.

१५ डिसेंबर
शिवेवर गेले. नारळ दिला. भावोजी म्हणाले, धोंडा हाय, पण तो हितं नाय. बोलावलं त्यानेच जागेवर बसवायचं, तेही तोंडाने. माझ्या तोंडातून नुसती हवा —
पोरीच्या पाठीवर आणखी तीन वळ. ताप.

१६ डिसेंबर, सकाळ
वीज नाही. कॉम्प्युटर बंद. तरी वरून माझा आवाज — ये बा — ये बा —
मी खाली, ओटीवर. वैशाली वर, अंथरुणात.
जिन्यात घुंगरू. चार पायऱ्या चढला. पाच —
ओरडता येत नाही. पाय हलत नाहीत. हात तेवढा चालतो.
राखणदारा, पोरीला शिवू नको. हाक माझी होती. नारळ मी दिला नाही. घ्यायचं ते माझ्याकडून घे आणि मग आपल्या जागेवर —
थांबला.
वळला. आता खाली, एक एक पाय