दाभणाचे टाके

प्रिय आई,

तुला नमस्कार, बाबांनाही. पण आधी तुला.

गोधडी पोचली. मी मजेत आहे. खोलीत गार वारा शिरत नाही, कामावरच्या बाई फारशा ओरडत नाहीत, आणि माझी भाजी आता आठवड्यातून एकदाच करपते.

पण या गोधडीने माझं डोकं चक्रावलंय. कडेपासून मध्यापर्यंत तुझा धावदोरा आहे, तांदळाच्या दाण्याएवढे टाके. मग तुझ्या हिरव्या साडीच्या तुकड्यापासून एकदम बोटभर लांब टाके सुरू होतात, दाभणाने घातल्यासारखे, वीतभर अंतरावर गाठ मारलेले. अशी गाठ ताडपत्रीला मारतात. आणि आपल्या घरात ताडपत्र्या शिवणारा माणूस एकच.

बाबांनी शिवली? ज्यांनी जन्मात स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावलं नाही, त्यांनी? आधी मी पोट धरून हसले. मग काहीच कळेनासं झालं. तू संपावर गेलीस का? दोघं भांडलात का? की चष्मा फुटला? फोनवर बाबा दरवेळी म्हणतात, "ती शेजारी गेलीय." एवढं काय आहे गं शेजारी?

सोबतची चिठ्ठीही बाबांच्याच अक्षरात आहे. 'आई अगदी बरी आहे' असं त्यांनी दोनदा लिहिलंय.

आई, तुझा उजवा हात कसा आहे? पत्र लिहू नकोस. एक चिंधी पाठव, तुझ्या हातचा एकच टाका घातलेली. वाकडा असला तरी चालेल.

तुझीच,
धाकटी