अंजनाचं दूध तुटलं

आश्विन शुद्ध १०, शके १८४१. दसरा

सोनं लुटायला गेलो नाही. अंजनाच्या आईचं वर्ष पुरं व्हायला अजून तेरा दिवस आहेत. दादा ओट्यावर बसले, लोक आपट्याची पानं देऊन गेले. अंजनानं ती गोळा करून एकेक शेळीपुढे धरली. शेळीनं तोंड फिरवलं तेव्हा हिनं स्वतः चावून बघितलं, थुंकलं, आणि पुन्हा शेळीपुढेच धरलं.

माझी पोर सोळा महिन्यांची झाली. पडते, उठते, रडत नाही.

संध्याकाळी रामहरी आला. वेशीजवळ राहतो. त्याची बायको छबूबाई वर्षभर अंजनाला पाजते आहे. गेल्या साली मानमोडीच्या तापात अंजनाची आई गेली, त्याच आठवड्यात छबूबाईचं दोन महिन्यांचं पोर गेलं. वहिनींनी अंजनाला नेऊन तिच्या मांडीवर ठेवलं. 

रामहरी म्हणाला, "आप्पा, दिवाळी झाली की नगरकडं गुऱ्हाळावर जातो आमी. मुकादमाला जोडी पायजे. एकल्या गड्याला घेत न्हाई त्यो."

मी "बरं" म्हणालो.

शुद्ध ११

'बरं' कशाला म्हणालो?

शुद्ध १३

बाजरी मळणीला आली. खळ्यावर सगळेच. अंजना सुपात बसून राहिली, कुणी सूप उचलू लागलं की ओरडायची. मग तिला छबूबाई दिसली. हातातलं कणीस टाकून पळत गेली आणि पदर ओढू लागली.

वहिनी म्हणाल्या, "घोडी झाली की गं, अजून पदर सुटंना हिला. लगीन होईस्तोवर पाजनार हाईस का?"

"पाजंन की. सासरी जाऊन पाजंन. सासूला म्हनंन, तू बी ये."

बाया हसल्या. मी खळ्याच्या पलीकडे पाठ करून उभा होतो, मलाही हसू आलं. मग गुऱ्हाळाची आठवण झाली.

शुद्ध १४

परसात लसूण लावला. दसरा झाला की अंजनाची आई लावायची. किती अंतर ठेवायची ते मी कधी पाहिलं नव्हतं, अंदाजानं लावला. अंजना मागोमाग येत होती. वाफा संपवून वळलो तर तिनं अर्ध्या पाकळ्या उपटून ओंजळीत आणल्या होत्या. पुन्हा लावल्या.

पौर्णिमा

दादांशी बोललो. दोन दिवस जमत नव्हतं. आज बैलांना पाणी पाजताना म्हणालो, रामहरीला आपल्याकडेच गडी ठेवला तर?

दादा म्हणाले, "पोरीसाठी म्हणतोस ना? मग तोंडात घास धरल्यावानी का बोलतोस? सरळ बोल की." आणि तसेच पायात वहाणा घालून त्याच्या घरी गेले. आपल्याला ज्वारीच्या राखणीला माणूस लागतंच, असं मला सांगून गेले, म्हणजे मला उपकार वाटू नये.

रामहरी लगेच कबूल झाला. "हितं भाकर मिळत आसंल तर तिकडं इंग्रजाच्या खालशात कोण तडफडतंय," म्हणाला.

म्हणजे छबूबाई राहणार. आज जेवण गेलं. वहिनींनी न विचारता आणखी अर्धी भाकरी वाढली.

वद्य २

काय झालं ते कळत नाही. सकाळी छबूबाई आलीच नाही. दुपारी आली. अंजना धावली. छबूबाईनं पदर घट्ट आवळून घेतला होता. मग बसली, घेतलं तिला जवळ. मी बाहेर गेलो. थोड्या वेळानं अंजनाचं रडणं ऐकू आलं, तिचं नेहमीचं नव्हे.

कडुनिंबाचा पाला वाटून लावला होता, वहिनी म्हणाल्या. अंजनानं तोंड वाकडं केलं, तिच्याकडे बघत राहिली, झबल्याच्या कडेनं पुसलं आणि पुन्हा तोंड लावलं. मग छबूबाई उठून निघून गेली.

आता राहायचं ठरलं आहे, तर हे कशाला?

वद्य ३

अंजना दिवसभर तिच्या दाराशी. दोनदा उचलून आणली, दोनदा गेली. तिसऱ्यांदा मी गेलो तर उंबऱ्यावर बसून दारावर हात आपटत होती. आतून चुलीचा धूर येत होता, बांगड्या वाजत होत्या. दार उघडलं नाही.

घरी येईपर्यंत हिनं माझ्या खांद्याला दात लावले.

वद्य ४

रामहरीला बांधावर गाठलं. आमचं काही चुकलं का, विचारलं.

"बायकांचं मला काय उमजतंय, आप्पा," म्हणाला आणि ढेकूळ फोडत राहिला. त्याला माहीत आहे असं वाटलं.

वद्य ५

शेळीचं दूध चार घोट. भाकरी कुस्करून, तीन घास. उरलेली कोंबड्यांना वाटली.

मला वाटतं, तिला गुऱ्हाळाला जायचं होतं आणि आम्ही अडवलं. त्याचा राग पोरीवर निघतो आहे. स्वतःच्या पोटचं असतं तर असं दार लावलं असतं का? वर्षभर आपलंच म्हणून घेतलं आणि आता एका दिवसात परकं. हे लिहू नये, पण मनात तेच आहे.

वद्य ८

वर्ष झालं. भटजी आले, पिंड झाले. कावळा उशिरा शिवला. दादा म्हणाले, पोरीत जीव अडकला असेल. 

सवाष्ण म्हणून छबूबाईलाच बोलवा, असं मीच वहिनींना सांगितलं होतं. मनातला राग एकीकडे, पण तो मान दुसऱ्या कुणाचा नाही. आष्टीच्या बाजारातून लुगडं आणलं होतं, अंजिरी. ती आली. कुंकू लावून घेतलं, ओटी घेतली, लुगडं घेतलं. पान वाढलं तर मागे सरकली.

"पान नगं मला, वैनी. न्हाई जेवत मी."

वहिनींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आग्रह केला नाही. मलाच राहवलं नाही. सगळ्यांदेखत बोललो, "वर्षभर या घरचं गोड लागलं, आज तिच्या नावाचा घास नको झाला?"

माझा आवाज इतका मोठा निघेल असं वाटलं नव्हतं.   छबूबाई खाली मान घालून गेली. 

वहिनी नंतर म्हणाल्या, "तुमी नवतं बोलायला पायजे, भावजी." कशासाठी ते सांगितलं नाही.

वद्य १०

अंजना आता माझ्याजवळ निजते. कान धरून. सुटला तर झोपेतही शोधते. उजवाच लागतो, डावा दिला तर ढकलते.

वद्य १२

आज अंजना वेशीकडे गेली नाही. छबूबाई पाणी घेऊन समोरून गेली. अंजनानं पाहिलं आणि पुन्हा चिखलात काडी खुपसत बसली. छबूबाईची चाल मंदावली होती. घागर डोक्यावर तशीच, थांबली नाही.

"तुटलं," वहिनी म्हणाल्या. दूध तुटलं म्हणाल्या त्या.

बरं वाटायला हवं होतं.

वद्य १४

दिवाळीची पहिली आंघोळ. उटणं लावलेली पोर हातातून मासळीसारखी निसटते. दादा, वहिनी आणि मी, तिघं भिजलो. घरात वर्षानंतर कुणी मोठ्यानं हसलं, ते दादा.

कार्तिक शुद्ध १. पाडवा

वहिनी करंज्या तळत होत्या. मला हाक मारून आत बसवलं. म्हणाल्या, "एक सांगते. दादांना बी बोलू नका. छबूला तिसरा म्हैना हाय."

त्यांनी कढईतली करंजी उलटली.

"दिवस ऱ्हायल्यावर ते दूध अंगावरच्या पोराला बाधतंय. म्हणून तोडलं तिनं. रडत पाला वाटत व्हती, रामहरीच्या म्हातारीनं सांगितलं मला. आन् गरवार बाईनं श्राद्धाचं पान घेऊ नये, हे तुमाला कोण सांगनार?"

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"मागलं गेलं की तिचं. भ्याली हाय. पाचवा लागल्याबिगर तोंडातून काढायचं न्हाई म्हणते. तुमी चार लोकांत बोललात तरी न्हाई काढलं."

करंजी हातात दिली. खाल्ली नाही. वद्य पंचमीचं जे लिहिलं आहे ते आज वाचून पाहिलं. फाडून टाकावं वाटलं. फाडलं नाही.

शुद्ध २. भाऊबीज

सकाळीच अंजनाला कडेवर घेऊन छबूबाईच्या दारी गेलो. बोलायचं ठरवून गेलो होतो, ते निघालं नाही. ओवाळून घ्यायला आलो, एवढंच म्हणालो.

तिनं दारातूनच विचारलं, "वैनी काय बोलल्या का तुमाला?"

"कशाबद्दल?" मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन पाट मांडला.