बल्बकाकांचे सेल

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या अर्धाच वाकून, उरलेला भेटल्यावर). तुमची तब्येत बरी असेल, मामींचा खोकला गेला असेल आणि घराबाहेर पडताना खिसे जड करून निघायची तुमची खोड मात्र गेली नसेल, असं धरून चालते. आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खरं विचाराल तर घरात असं काही घडलंय की मी अजून हबकलेलीच आहे.

आमच्या टीव्हीचा रिमोट बंद पडला. तुम्ही म्हणाल, यात हबकण्यासारखं काय? मलाही आधी तसंच वाटलं. तुम्ही माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याची चौकशी करायला आला होतात ना, त्याच संध्याकाळी त्यांनी रिमोट दाबला आणि टीव्ही ढिम्म. पलंगाच्या गाद्या विकणारा एक गृहस्थ पडद्यावर होता, तो तिथेच राहिला. आवाजही होता तेवढाच राहिला, म्हणजे सासऱ्यांच्या कानांना पुरेल आणि शेजाऱ्यांना सोसणार नाही एवढा. (टीव्हीला स्वतःची बटणं आहेत. पण ती वापरून झिजू नयेत म्हणून सासऱ्यांनी टीव्ही घेतला त्याच दिवशी त्यांच्यावर चिकटपट्टी मारली होती. आता ती सोलली तर बटणंही तिच्याबरोबर निघून आली. झिजली मात्र अजिबात नव्हती.) वायर उपटली की शांतता, पुन्हा लावली की पुन्हा गादीवाला.

मग रिमोटवर उपचार सुरू झाले. सासऱ्यांनी आधी त्याच्या पाठीत दोन थपडा घातल्या, मग सेल जागच्या जागी गोल फिरवले, मग डाव्याला उजवीकडे आणि उजव्याला डावीकडे बसवलं. सासूबाईंनी सेल उन्हात ठेवले, कारण त्यांच्या मते दमलेल्याला ऊब लागते. मी खोडरबरानं टोकं घासली, आतली स्प्रिंग ओढून ताठ केली. शेवटी कोपऱ्यावरच्या बल्बकाकांकडून नवे सेल आणले. तुम्हाला ते आठवत असतील, विजेच्या सामानाचं दुकान आहे ते, सासऱ्यांचे सकाळच्या फिरण्यातले जोडीदार. इतकी वर्षं दोघं बरोबर चालतायत की एकाला ठेच लागली तर दुसरा आई गं म्हणतो. नवे सेल घातले, गादीवाला हलला नाही. ते बदलून दुसरे आणले, तरी नाही.

आणि मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कधी खरं मानलं नसतं. माझे सासरे, जे डासालासुद्धा अहो-जाहो करतील, ते रिमोट घेऊन तरातरा दुकानात गेले आणि भर गिऱ्हाइकांत बल्बकाकांना म्हणाले, की तू मेलेले सेल विकतोस. मी मागे पिशवी घेऊन उभी. बल्बकाकांनी तेच सेल एका छोट्या टॉर्चमध्ये घातले आणि टॉर्च पेटवून काउंटरवर ठेवला. लख्ख उजेड. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, टॉर्चही तुझाच आहे. (मला हसू आलं. येऊ नये तेव्हाच मेलं येतं.) दुसऱ्या दिवसापासून दोघांचं फिरणं बंद. सासरे गॅलरीतल्या गॅलरीत फेऱ्या मारतात. बल्बकाका रस्त्याच्या पलीकडून एकटे जातात आणि ते दिसेनासे होईपर्यंत सासरे कुंडीतली सुकलेली पानं खुडत बसतात. आता हिरवीही उरलेली नाहीत. जेवण निम्म्यावर आलंय. गुडघा बरा झाला आणि माणूस बिघडला, मला बघवत नाही हो.

हे कामासाठी परगावी असतात, तुम्हाला माहीतच आहे. त्यांना व्हिडिओ कॉल करून मी रिमोट दाखवला आणि बटण दाबलं, तर हे म्हणाले, अगं, त्याच्या नाकावर दिवा लागतोय की. माझ्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण फोनच्या पडद्यावर बघितलं तर खरंच रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकत होता. (रिमोटचा उजेड आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो म्हणे.) म्हणजे सेल ठणठणीत, रिमोट ठणठणीत आणि बल्बकाका खरे. सासरे शेजारीच उभे होते. ते मटकन खाली बसले आणि पाणी मागितलं.

मग टीव्ही ओळख का दाखवत नाही? सासरे आत गेल्यावर मी रिमोटचं तपकिरी कव्हर काढलं. (त्याचं वरचं प्लास्टिक इतकं धुरकटलंय की आम्ही बटणं डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधतो. सेल मागच्या झडपेतून बदलता येतात, म्हणून ते आजवर काढायची वेळच आली नव्हती.) आत, बंद करायच्या बटणावर, लाल ठिपका. मामा, तो ठिपका मामींच्या नेलपॉलिशचा. मीच लावलेला, गेल्या सुट्टीत, तुमच्या घरी, तुम्हाला ते बटण सापडत नाही म्हणून. कव्हरंही मीच घेतली होती, दोन एकसारखी, एक तुम्हाला आणि एक आम्हाला. आपल्यामागे नातवंडांनी टीव्ही लावू नये म्हणून रिमोट खिशात घालून गावभर हिंडणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. त्या दिवशी चष्मा शोधताना तुम्ही खिशातलं सगळं आमच्या टेबलावर मांडलंत आणि जाताना आमचा रिमोट उचललात.

मी घरात अजून कुणाला काही बोललेले नाही. सासऱ्यांना वाटतंय टीव्हीच गेला. सवडीनं आमचा रिमोट पाठवा, घाई नाही. मामींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुमची भाची

ता. क. घाई नाही असं वर लिहिलंय ते खोडून वाचा. सेल चांगले होते हे कळल्यापासून सासरे रोज दुकानात जातात, मुकाट्यानं सेलची जोडी मागतात आणि बल्बकाका मुकाट्यानं देतात. चुकलो म्हणायला जीभ रेटत नाही. घरात सेलचा ढीग झालाय. या दोघांना एक तिसरा माणूस हवाय, ज्याच्यावर मिळून रागावता येईल. तो तुम्ही. रविवारी या आणि दुकानात भर गिऱ्हाइकांत कान पकडा. चहा माझ्याकडे.

आणखी एक. आत्ताच मामींचा फोन आला. तुम्हीही तिकडच्या सेलवाल्याला चोर म्हणून आलात? मला आता धक्का बसायचाही बंद झालाय. आधी तिकडे कान पकडून या, म्हणजे सवय होईल. आणि तुमचा रिमोट परत मिळेल अशी आशा ठेवू नका. सासूबाईंनी जास्त ऊब मिळावी म्हणून आज तो तव्यावर ठेवला.

शेवटचं. पाकीट चिकटवता चिकटवता कळलं. आज सेल देताना बल्बकाकांनी विचारलं म्हणे, आवाज कमी झाला का? सासरे म्हणाले, नाही. एवढंच बोलणं झालं. पण घरी येऊन पोटभर जेवले. तेव्हा मामा, लवकर निघा, नाहीतर त्यांचं तुमच्याशिवायच मिटेल आणि तुमच्यावर रागवायला मी एकटीच उरेन.