मागची फळी आणि मनकर्णेचं लग्न

देवळाली प्रवरा,
फेब्रुवारी १९७२

तीर्थरूप सहादेवदादांच्या पायांवर धाकटी बहीण छबू डोकं ठेवते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं काय ते पुढे वाचालच. आईचे गुडघे आता कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? थंडी आहे तोवर त्यांना पहाटे नळावर जाऊ देऊ नका. तुमचीही तब्येत जपा, कारण तुम्ही मोठे आहात, वडिलांच्या जागी आहात, आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे.

दादा, भाऊबीजेला भाऊ बहिणीला लुगडं आणतो. तुम्हीही आणलंत (एका धुण्यात रंग उतरला, पण ते असो). मात्र त्याच पिशवीतून तुम्ही मेहुण्यांसाठी फुटबॉल काढलात. तुमच्या खेळगड्यांना जुना झाला म्हणे! अहो, जुनी चप्पल कुणी बहिणीच्या घरी आणून टाकतं का? बरं, चेंडू दिलात तर दिलात. जेवताना माणसानं उसाचं बोलावं, पाटाच्या पाण्याचं बोलावं. तुम्ही पुरणपोळी मोडता मोडता यांना सांगितलंत की संघ म्हणजे दोन फळ्या, पुढची मारणारी आणि मागची अडवणारी, एवढ्या दोन बांधल्या की बाकीचं आपोआप होतं. एवढं ज्ञान देऊन तुम्ही दुपारच्या एस.टी.नं भिंगारला निघून गेलात आणि मी इथे त्या दोन फळ्यांच्या मधे सापडले.

दुसऱ्याच दिवसापासून हे (तुम्हाला यांचं नाव ठाऊक आहे, मी घेणार नाही) फळ्या बांधायला लागले. बांधाची दरड कोसळलेली होती ती कुणी बांधायची, ते मात्र विचारू नका. यांचं म्हणणं असं की मागची फळी धरणासारखी हवी, हलता कामा नये. म्हणून यांनी माणसं वजनावर निवडली. पहिला आला भिमाजी पैलवान, ज्याला आमच्या दारातून आडवं होऊन आत यावं लागतं. दुसरा गुऱ्हाळावरचा पीरमहंमद, जो उकळत्या रसाची कढई एका बाजूनं एकटा उचलतो. माणूस सज्जन आहे, पण पायाशी आलेला चेंडू त्याला पोटामुळे दिसत नाही. पुढच्या फळीसाठी पळणारे हवे होते. तिथे बकऱ्यांमागे धावून धावून काटकुळा झालेला नियाज घेतला, आणि छगनला घेतलं. छगनला पळताना आजवर पेरूच्या बागेच्या राखणदाराखेरीज कुणी पाहिलं नव्हतं, पण त्या राखणदारानंच यांच्याकडे त्याची शिफारस केली. उरलेली पोरं तरुण मंडळातली, जिकडे ढकलाल तिकडे जाणारी.

आता फळी बांधायची म्हणजे फळीला खायला घालायचं, हे तुम्ही बोलला नव्हतात. रोज संध्याकाळी मागची फळी माझ्या ओसरीवर येऊन बसायची. मी एकदा म्हटलं, अहो भावोजी, चुलीला जरा दम घेऊ द्या. तर भिमाजी म्हणतो कसा, "वैनी, आमी मागची फळी हाय. पोट भरल्याबिगर फळी जागेवर ऱ्हात न्हाई." म्हशीचं दूध पैलवानाला, आणि आमच्या घरात काळा चहा! बरं, मागच्यांना दूध मिळतं हे कळल्यावर पुढची फळी रुसली. नियाज म्हणाला, गोल आम्ही मारायचे आणि तूप यांच्या भाकरीवर, ही कुठली रीत? त्या दिवसापासून पुढची फळी मागे फिरकेना आणि मागची पुढे सरकेना. दोघांच्या मधे एवढं रान मोकळं पडलं की आमची शेळी तिथे निवांत चरायची. मी अडाणी बाई, सातवी शिकलेली. तरी मी यांना म्हटलं, अहो, दोन्ही भिंती बांधल्या, मधे घर कुठाय? तर म्हणाले, "सहादेवदादा भिंगारला रोज खेळतात, तुला जास्त कळतं का?" दादा, माझ्याच भावाचं नाव घेऊन मला माझ्याच घरात गप्प बसवलं. हे मी विसरणार नाही.

आता खरं दुखणं सांगते. माझी नणंद मनकर्णा, तिला राहुरीचं स्थळ आलं होतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. मुलगा बन्सी, शेती विद्यापीठात कामाला, उंचापुरा, हसतमुख, निर्व्यसनी. त्याची आई राहीबाई जरा तोंडाळ आहे, पण कुठल्या सासूला गोड म्हणतात? पाहायला आले त्या दिवशी मी पोहे केले, मनकर्णेला माझं जरीचं नेसवलं, आणि मुलीचा एकुलता एक भाऊ कुठे? मैदानावर! पाहुणे उठायला आणि हे यायला एक गाठ पडली. गुडघ्यापर्यंत चिखल, मान खाली. यांनी पाहुण्यांच्या जोड्यांना नमस्कार केला आणि सरळ विहिरीवर गेले. मुलाचं तोंड पाहिलंच नाही. तरीही स्थळ होकाराच्या बेतात होतं. राहीबाई म्हणाल्या होत्या की सव्वीस जानेवारीला तुमच्याकडे फुटबॉलचा सामना बघायला येणारच आहोत, तेव्हा बोलून टाकू. सामना राहुरीच्या संघाशी होता. राहुरीच्या संघात बन्सी खेळतो, हे त्या बाईनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मुलगा व्यसनी आहे का, हे विचारतात हो. सेंटर फॉरवर्ड आहे का, असं कोण विचारतं?

सामन्याला अख्खा गाव लोटला होता. शाळेच्या मैदानाच्या एका अंगाला आम्ही बायका. राहीबाई माझ्या शेजारी बसून मनकर्णेला मासवडी जमते का म्हणून विचारत होत्या, मी जमते म्हणून सांगत होते (जमत नाही). एवढ्यात राहुरीचा पिवळ्या सदऱ्यातला एक गडी चेंडू घेऊन वाऱ्यासारखा आमच्या गोलाकडे निघाला. मधे कुणीच नव्हतं. आमची पुढची फळी पलीकडच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभी. हे मैदानाच्या कडेवरून ओरडले, "भिमाजी, तो पिवळा! उभा ऱ्हाता कामा नये!" दादा, पैलवानाला सांगताना शब्द जपून वापरावेत की नाही? भिमाजीनं चेंडूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानं त्या पोराची कंबर धरली, उचलला, आडवा केला आणि त्याच्यावर बसला. पीरमहंमदाला वाटलं, हीच रीत असावी. तोही जाऊन बसला. चेंडू आपला घरंगळत राहिला, तो राहुरीच्या दुसऱ्या पोरानं सावकाश येऊन गोलात घातला आणि आमची मागची फळी तशीच बसून राहिली.

राहीबाई ताडकन उठल्या. "माझ्या पोराच्या छातीवर बसलाय तो कोण?"

मी म्हटलं, "ती... ती आमची मागची फळी."

आणि त्याच क्षणी माझ्या अंगावरून कोण धावत गेलं असेल? मनकर्णा! पदर खोचून, पाण्याची कळशी घेऊन, चारशे माणसांच्या देखत भर मैदानात. ती कळशी तिनं भिमाजीच्या डोक्यावर उपडी केली आणि ओरडली, "ऊठ मेल्या! माणूस हाय का गुळाची ढेप?" पंच शिट्टी वाजवायची विसरला. बन्सीचा हात दुखावला होता. तिनं त्याला धरून उठवलं, त्याच्या तोंडावरची माती आपल्या पदरानं पुसली. होणाऱ्या सासूसमोर! मी डोळे मिटून घेतले. सामना हरलो ते विचारूच नका. राहुरीकर चहा न घेता ट्रकमधे बसून गेले. पिवळा तो कोण, हे यांना मी घरी आल्यावर सांगितलं. हे मटकन खाली बसले ते रात्री जेवायलाही उठले नाहीत.

पीठ मळताना मनकर्णेचे डोळे भरून यायचे आणि ती चुलीच्या धुरावर ढकलायची. गावात बायका म्हणायला लागल्या की मैदानात धावणारी पोरगी आता कोण करणार? दादा, त्या दिवसांत मी तुमच्या नावानं काय काय बोलले, ते या पत्रात लिहीत नाही, कारण आई हे पत्र वाचून घेईल. मागच्या फळीला मी दारातूनच परत लावलं. पैलवान उपाशी गेला तेव्हा मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण मी दार उघडलं नाही.

मग परवा दुपारी दारात बैलगाडी थांबली. राहीबाई उतरल्या, मागून बन्सी, हात गळ्यात बांधलेला. मला वाटलं, नकार द्यायला आल्या, तोही तोंडावर. राहीबाई ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "छबूबाई, माझं पोरगं धुळीत पडलं तवा त्याच्या संघातला एक मुडदा जागचा हालला न्हाई. गोल झाला म्हनून नाचत हुते. तुमची पोरगी तेवढी धावली, आन ती आमची अजून कुनी नव्हती. मला घरात अशीच पोरगी पायजे. मासवडी मी शिकवीन." मी आत जाऊन पदरात तोंड घालून रडले. मनकर्णा तर दाराआडच होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

आणि तुमचे मेहुणे? बहिणीचं लग्न जमलं, माणसानं पाहुण्याचे पाय धरावे, माफी मागावी. मागितली, नाही म्हणत नाही, डोळ्यांत पाणीही आलं. पण ते पाणी पुसता पुसता यांनी बन्सीला विचारलं, "पाव्हणं, खरं सांगा, आमच्या फळ्यांत खोट कुठं हुती?" बन्सी म्हणाला, "भाऊ, मधली फळीच न्हाई तुमच्याकडं." झालं! दोघं लगेच ओसरीवर शेंगदाणे मांडून बसले. हेच मी सांगत होते तेव्हा मला कळत नव्हतं. तेच होणाऱ्या जावयानं सांगितलं तर यांनी मान डोलावली. संताप होतो हो! तुम्ही मोठे आहात म्हणून पुन्हा पाया पडते, पण हा चेंडू घेऊन जा आणि पुन्हा आमच्या घरी खेळातलं अक्षर बोलू नका.

तुमची धाकटी बहीण,
छबू

ता. क. लग्न अक्षयतृतीयेला धरलं आहे. वहिनींना आणि आईला घेऊन आठ दिवस आधी या.

ता. क. चेंडू न्यायची घाई करू नका. आतलं ब्लॅडर मात्र नवीन आणा, जुनं हवा धरत नाही. बुटांचे दोन जोड मिळाले तर तेही. पीरमहंमदाचा पाय मापात बसणार नाही, तो अनवाणीच खेळेल.

ता. क. यांना हे पत्र दाखवू नका. हळदीच्या दिवशी सकाळी नवरीकडचे आणि नवरदेवाकडचे असा सामना ठरला आहे. मधली फळी मी तरुण मंडळातली पोरं निवडून बांधते आहे, आणि दूध आता तिला मिळतं. राहीबाईंनी आपल्या भावाला पंच म्हणून पुढे केलं होतं. मी सांगितलं, पंच आमचा भाऊ, लष्कराच्या गावचा, सगळे नियम पाठ असलेला. त्या कबूल झाल्या. तेव्हा शिट्टी घेऊन या, आणि वाजवताना एवढं ध्यानात ठेवा की तुम्ही मुलीकडचे आहात.