म्हाताऱ्याचा मारुती

१० नोव्हेंबर
ग्रामेतिहास मंडळाची बैठक, शाळेच्या व्हरांड्यात, सकाळी ९. कागदावर सभासद अकरा. हजर मी आणि नामदेव. त्याची द्राक्षबाग छाटून झाली म्हणून तो तरी आला.
ओढ्याकाठच्या चिंचेखालचा वीरगळ मोजला, फोटो काढले. वर चंद्रसूर्य, मधे ढाल-तलवारवाला, खाली दोन गाई. गुरं राखताना मेलेला कोणीतरी. नाव नाही.
चिंचेवर धनेशाची जोडी. नर इतका ओरडला की त्याचीही हजेरी लावली. सभासद तीन.

२४ नोव्हें.
हौसामावशींकडे गेलो. वय त्यांनाही माहीत नाही, ऐंशीच्या पुढे. त्यांच्या घरात त्या दगडाला 'म्हातारा' म्हणतात. आजेसासऱ्याच्याही आधीचा पूर्वज, गुरं पळवणाऱ्यांशी झुंजून तिथेच पडला. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर सगळं गाव घरात भरतं, मावशी मात्र एक घागर त्या दगडापाशी नेऊन ठेवतात. का, विचारलं.
"घरात मेले त्यांना घरात पाणी. ह्यो रानात मेला. त्याला रानात नको का?"
उतरवून घेतलं. तीस वर्षं याच गावात इतिहास शिकवला आणि हे मला ठाऊक नाही. काखेत कळसा.

१२ डिसेंबर
धुकं. द्राक्षवाले हवालदिल.
रस्ता रुंद होणार. सरपंच (माझाच विद्यार्थी, भूगोलात कायम काठावर) म्हणाला, दगड मोरीच्या भरावात जाईल, त्यात काय एवढं. तीन ठिकाणी अर्ज टाकले, फोटो जोडून.
संध्याकाळी हौसामावशी काठी टेकत आल्या. म्हाताऱ्याला हलवू देऊ नका म्हणाल्या. मी म्हणालो, मी आहे ना.
कशाला म्हणालो? मी आहे म्हणजे काय आहे?

२ जानेवारी
अर्जांवर काही नाही. जेसीबी चिंचेपासून दोन दिवसांवर. नामदेव बांधावर बसून म्हणाला,
"सर, दगडाला जेसीबी लागतो. देवाला नाय लागत."
आधी हसलो. मग हसू गेलं.

४ जाने., शनिवार
पहाटे साडेपाच, तापमान ८. नामदेवनं शेंदूर आणला, मी घरून तेल. बोटं बधिर. ढाल-तलवारवाल्याच्या छातीला पहिलं बोट मी लावलं. वर रुईच्या पानांची माळ.
नऊला जेसीबीवाला आला. शेंदूर बघून खाली उतरला, चपला काढल्या, नारळ मागवला. सरपंचालाही बोलवून आणलं. दुपारपर्यंत रस्ता चार हात पलीकडे वळला. तीन अर्ज एकीकडे आणि पावशेर शेंदूर एकीकडे.
आज फार खूश आहे. शाळेत चोरून बोरं खाल्ल्यावर व्हायचो तसा.

१८ जाने., शनिवार
चिंचेखाली पन्नासेक माणसं. मारुती प्रकटला म्हणे. सरपंचाला आधीच स्वप्न पडलं होतं, म्हणून तर त्यानं रस्ता वळवला! जो तो शेंदूर चढवतोय. गाई दिसेनाशा झाल्या. तलवारीची गदा होत चालली आहे.
नामदेव गर्दीत भेटला. दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

९ फेब्रुवारी
बैठक. मी एकटा. नामदेवची काढणी सुरू. बांधावरच गाठलं, म्हटलं, गावाला खरं सांगून टाकू. तो कात्री न थांबवता म्हणाला, आता सांगितलं तर मोरीच्या भरावात आपण दोघं जाऊ. खोटं नाही.
ओढ्यापलीकडे पळस फुलला. बघायला थांबलो नाही.

१६ मार्च
देऊळ उभं राहिलं. भिंतींना बाथरूमसारख्या फरश्या, पुढे लोखंडी जाळी, चिंचेच्या फांदीला दोन भोंगे.
गेल्या वर्षीची नोंद काढून पाहिली. याच आठवड्यात धनेशाच्या मादीनं याच चिंचेच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेतलं होतं. नर फटीतून एकेक उंबर भरवायचा. यंदा ढोली उघडीच. तासभर बसलो, जोडी आली नाही. भोंगे कुणामुळे लागले? माझ्यामुळे.

२ एप्रिल
सरपंच घरी. देवळाच्या फलकासाठी मजकूर हवा. "इतिहास तुमच्याशिवाय कोण लिवणार, सर?" सौ. चहा ठेवायला आत गेली. हीच वेळ होती. नोव्हेंबरातले फोटो टेबलावरच पडलेले, गाई स्वच्छ दिसत होत्या. मी त्यावर वर्तमानपत्र सरकवलं.
लिहून दिलं. 'स्वयंभू व जागृत देवस्थान.' शुद्धलेखन निर्दोष.

१२ एप्रिल, शनिवार
हनुमान जयंती. भंडारा. संगमरवरी फलकाचं अनावरण, खाली लेखक म्हणून माझं नाव, वर शाल-नारळ. घेतला. नामदेव वाढप्यांत होता, माझ्या पानात दोनदा बुंदी टाकून गेला.
हौसामावशी मागे उभ्या होत्या. मला वाटलं रागावतील. त्यांनी लांबूनच हात जोडले, मला की त्याला, कळलं नाही. लाज वाटली. पण जेवलो.

३० एप्रिल, आखाजी
बहावा पुरा फुललाय. ऊन ४०.
साडेदहाला हौसामावशी ओट्यावर. काखेत भरलेली घागर, वर खरबूज. नातू शहरात, म्हणून एकट्याच ओढ्यापर्यंत जाऊन आलेल्या. जाळीला कुलूप. पुजारी म्हणाला, पितरांचं पाणी मारुतीपुढं चालत नाही, सुतक लागतं देवाला. तरी बाहेर ठेवते म्हणाल्या, तर बायांनी पायरीपासच घागर ठेवू दिली नाही. घागर घेऊन तशाच माझ्याकडे. पदर घामानं भिजलेला.
पाणी प्यायला दिलं. प्यायल्या नाहीत. आधी त्याला, मग मला, म्हणाल्या. मग विचारलं,
"गुर्जी, तुम्ही त्याला वाचवतो म्हनलं व्हतं. मंग त्यो गेला कुठं?"
मी म्हणालो, आतच आहे.
"आत मारुती हाय. मी इचारते माझा म्हातारा कुठंय."
फोटो दाखवावा असं आलं मनात. पण फोटोपुढे घागर ठेवायला कसं सांगायचं? आणि मग शेंदूर कुणी लावला, तेही सांगावं लागलं असतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं की उन्हाचं बसा जरा.
बसल्या नाहीत. घागर जड झाली, दिवेलागणीला न्यायला येते म्हणाल्या. तोवर तुम्ही सांगा कुठं ठेवायची ती. तुम्ही इतिहास लिवता.

आत्ता पावणेसात. घागर ओट्यावर पाझरतेय. ओल माझ्या चपलांपर्यंत आली आहे. सौ.नं दोनदा विचारलं, ही कुणाची. फोटो पाकिटात घालून खिशात ठेवलाय. मावशी आल्या की आधी शेंदराचं सांगायचं, की आधी फोटो
गल्लीच्या तोंडाशी काठी वाजतेय.