नवीन प्रोसेसर येईपर्यंत

२ जानेवारी
रोजनिशी कालपासूनच लिहायची होती. पण वहीत लिहावी की कॉम्प्युटरवर, हे ठरेना. शेवटी कॉम्प्युटरवर असं ठरवून बटण दाबलं. तो सुरू होईपर्यंत मला झोप लागली. म्हणून वही. तात्पुरती.

यंदाचा संकल्प एकच. नवा कॉम्प्युटर घ्यायचा आणि आईच्या कॅसेटी उतरवायच्या. बाबांनी रिटायर झाल्यावर हौसेने हँडीकॅम घेतला आणि आई जाईपर्यंत तिच्या मागे मागे घरभर शूटिंग करत हिंडले. बुटाच्या खोक्यात सगळ्या कॅसेटी पडून आहेत. त्या साफ करायच्या, रंग सुधारायचे आणि एक सलग फिल्म करायची. ऑगस्टमध्ये बाबांना ब्याऐंशी पूर्ण होतील. वाढदिवसाला फिल्म दाखवायची. तोपर्यंत आरामात होईल. खरं तर जूनमध्येच होईल, पण मी स्वतःला सवड दिली आहे.

६ जानेवारी
वस्तुस्थितीची नोंद असावी म्हणून जुन्या मशीनवर एक कॅसेट लावली. सातव्या मिनिटाला मशीन हँग. पुन्हा लावली, पुन्हा सातव्या मिनिटालाच. आई गच्चीत चादर वाळत घालते आहे. मागे वळते, कॅमेऱ्याकडे बघते, काहीतरी बोलायला तोंड उघडते. तिथे अडकतं.

बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. पुढे काय म्हणाली रे ती, म्हणून विचारलं. मी म्हणालो, तुम्हीच तर शूटिंग करत होतात. ते म्हणाले, आठवत नाही. मी म्हणालो, नव्या मशीनवर कळेल.

ही म्हणाली की कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला दोन दिवसांत कॅसेटी उतरवून देतो. मी समजावलं की तो नुसत्या उतरवेल, सुधारणार नाही. त्यावर म्हणते, सासूबाईंमध्ये सुधारण्यासारखं काही नव्हतं. विषय टेक्निकल आहे. तिला दोष देत नाही.

११ जानेवारी
दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने एक तयार मशीन दाखवलं. उत्तम. व्हिडिओसाठीच केलेलं. मी कार्ड बाहेर काढलं होतं. सहज विचारलं, याच्या पुढचा प्रोसेसर कधी येतोय? माणूस प्रामाणिक. जूनमध्ये म्हणतात, म्हणाला. कार्ड परत खिशात.

माझं आयुष्य विमा कंपनीत गेलं. जोखीम ओळखणं हेच माझं काम. जूनमध्ये जुना होणारा माल जानेवारीत घ्यायचा, ही चूक माझ्या हातून होणार नाही.

१९ फेब्रुवारी
बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डावा डोळा त्यांचा तरुणपणीच गेला, चेंडू लागून. उजव्यात आता मोतीबिंदू. बाई म्हणाल्या, करून टाकू या, पुढच्या महिन्यात. पेपर वाचताना त्रास होतोय असं बाबांनी त्यांना सांगितलं. मला कधी बोलले नव्हते.

वेटिंग रूममध्ये एक माहितीपत्रक मिळालं. नवीन लेन्स येते आहे. लांबचं आणि जवळचं, दोन्ही चष्म्याशिवाय दिसणार. वर्षअखेरपर्यंत बाजारात. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, येईल तेव्हा येईल, मी तुमच्या जागी असते तर थांबले नसते. पण त्यांचा धंदा आहे, त्या थांबा कशाला सांगतील?

घरी नीट विचार केला. लेन्स एकदाच बसते. ती काही नंतर अपग्रेड करता येत नाही. आणि बाबांकडे डोळा एकच आहे. दोन असते तर एकात जुनी लेन्स घालून बघितली असती. एकुलत्या एक डोळ्यात जुना माल का घालायचा?

बाबा म्हणाले, तुला यातलं कळतं, तू म्हणशील तसं.

२० फेब्रुवारी
ताईचा फोन. हिने चहाडी केलेली दिसते. ताई बरंच बोलली. लांब राहणाऱ्या माणसांना घाई फार असते.

३ मार्च
आज ठोस सुरुवात केली. कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेतलं, नुसतं रिकामं. कॅबिनेट कधी जुनं होत नाही, म्हणून आधी तेच. एका बाजूला काच आहे. आतले भाग दिसतात. म्हणजे दिसतील.

हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं. ही बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, हवा चांगली खेळते आतून.

९ मार्च
कॅबिनेटमध्ये कांदे सापडले. वरच्या कप्प्यात बटाटे. मी बाहेर काढले. संध्याकाळी परत आत होते. प्रोसेसर आला की जातील. वाद घालण्यात अर्थ नाही.

२७ एप्रिल
बाबा कॅबिनेटला धडकले. गुडघ्याला लागलं. ते म्हणाले, चूक माझीच. मी कॅबिनेट थोडं आत सरकवलं. त्यात रंगीत दिवे बसवायचा विचार आहे, म्हणजे बाबांना लांबूनच दिसेल. दिव्यांसाठी वायर लागते, वायरसाठी मदरबोर्ड लागतो, बोर्ड प्रोसेसर ठरल्याशिवाय घेता येत नाही. सगळं जूनवर येऊन थांबतं.

१६ मे
रॅम घेतली. सेल होता. दुकानदार म्हणाला, सर, बोर्ड ठरला नाही अजून, रॅम कशी घेताय? मी हसलो. बाजाराच्या पुढे चालणारा माणूस त्याने पाहिला नसावा.

११ जून
प्रोसेसर जाहीर झाला. थेट कार्यक्रम पाहिला, ऑफिसात मीटिंग चालू असताना, टेबलाखाली फोन धरून. अफाट वेग. भाषण चालू असताना एकदा टाळ्यासुद्धा वाजवल्या, त्यामुळे साहेबांच्या सूचनेला माझा जोरदार पाठिंबा आहे असा समज झाला. आता रविवारी येऊन काम करायचं आहे.

दोन किरकोळ गोष्टी. एक, प्रोसेसर प्रत्यक्षात ऑक्टोबरमध्ये येणार. दोन, त्याला नव्या जातीची रॅम लागते. माझी चालणार नाही.

ऑक्टोबर म्हणजे वाढदिवस हुकला. पण वाढदिवस काय, दरवर्षी येतो.

१३ जून
रॅम परत घ्यायला दुकानदार तयार नाही. मी दुकानातून निघत असताना आतल्या माणसाने दुसऱ्याला विचारलं, आज वाट बघणारे काका आले होते का? माझ्याबद्दल नसावं. काका म्हणावं असं माझं वय दिसत नाही.

३० जुलै
बाबांनी पेपर बंद करायला सांगितला. म्हणाले, बातम्यांत काही राम राहिला नाही. खरं आहे. मीही हल्ली फक्त प्रोसेसरच्या वाचतो.

बाबा हल्ली रेडिओ ऐकतात.

१८ ऑगस्ट
बाबांचा वाढदिवस. ताई आली होती. फिल्म तयार नसली म्हणून काय झालं, ट्रेलर दाखवला. म्हणजे तीच सात मिनिटं, जुन्या मशीनवर. बाबा पडद्याला नाक टेकेल इतके पुढे सरकले. एवढी उत्सुकता मी त्यांच्यात कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. आई वळली, तोंड उघडलं, अडकलं. बाबा म्हणाले, एवढ्या वेळा बघून आता ती काय म्हणाली असेल ते मीच रोज वेगवेगळं ठरवतो.

ताई आत जाऊन हिच्याशी हळू आवाजात बोलत होती. मी गेल्यावर दोघी कपबशा मोजायला लागल्या. जाताना ताई मला म्हणाली की बाबांनी केकचा तुकडा ताटाच्या बाहेर शोधला, पाहिलंस का? मी म्हणालो, ताट लहान होतं.

तरी बाईंची वेळ घ्यावी असा विचार केला. माहितीपत्रकावरच्या नंबरवर फोन लावला. लेन्स वर्षअखेरीस नक्की. मग आता मध्येच कशाला घाई करा?

७ ऑक्टोबर
आला. प्रोसेसर आला. दुकानदाराचाच फोन. म्हणाला, सर, एक पीस तुमच्या नावाने बाजूला ठेवलाय, आज येऊन घेऊन जा, माझ्यासाठी तरी.

संध्याकाळी जायचं होतं. जाण्याआधी सहज परीक्षणं वाचली. पहिल्या खेपेचे पीस तापतात म्हणे. दुसरी खेप डिसेंबरात. सुधारलेली.

दुकानदाराला फोनवर कळवलं. पलीकडून फोन बंद झाला. मला वाटलं लाइन कट झाली.

८ ऑक्टोबर
हिला खेपेचं सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या आईने सुधारलेल्या खेपेची वाट न बघता तुम्हाला ठेवून घेतलं, हे उपकार माना. विनोद म्हणून बरा आहे.

२ नोव्हेंबर
बाबा सकाळी कपाच्या शेजारी चहा ओतत होते. मी कप खाली सरकवला.

१४ नोव्हेंबर
पहाटे बाबांचा डोळा लाल झाला. डोकं फुटतंय म्हणाले, उलट्या झाल्या. हिने रिक्षा आणली, मी चपला शोधत होतो. हॉस्पिटलात बाईंनी पाहिलं आणि लगेच आत घेतलं. मोतीबिंदू पिकून फुगलाय, डोळ्यातलं प्रेशर वाढलंय, असं काहीतरी म्हणाल्या. मला विचारलं, फेब्रुवारीत सांगितलं होतं ना? मी माहितीपत्रकाचं सांगणार होतो. ते पाकिटातच होतं. मग सांगितलं नाही.

१७ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. जुन्या लेन्सनेच. नवी अजून आलेली नाही. केव्हा येणार ते बाईंनाही माहीत नाही. लेन्स छान बसली म्हणाल्या, पण मागची नस सुकली आहे. उजेड-अंधार कळेल. त्यापुढे काही नाही. मी विचारलं, नस पुन्हा कधी? त्या म्हणाल्या, नस पुन्हा नाही.

घरी येताना ही रिक्षात बाबांचा हात धरून बसली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर माझ्याकडे उत्तरं तयार होती. सगळी पाठ करून ठेवली होती मी.

२५ नोव्हेंबर
बाबा बरे आहेत. खिडकीशी बसतात. मला म्हणाले, हळूहळू दिसायला लागेल, कालपेक्षा आज बरंच आहे. बाईंचं निदान थोडं टोकाचं असावं. अशा केसेस असतात.

माझा विचार असा: उजेड कळतो म्हणजे प्रश्न ब्राइटनेसचा आहे. मॉनिटर मोठा हवा.

६ डिसेंबर
दुकानात गेलो. आत शिरताच दुकानदार म्हणाला, दुसरी खेप नाही आली, सर. मी म्हणालो, जे तयार असेल ते द्या. त्याने परत विचारलं. मी परत सांगितलं. त्याने मागून एक खोकं काढलं. जानेवारीत दाखवलेलं तेच मशीन. शेवटचा पीस. पुढे काय येतंय ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. सोबत दुकानातला सर्वांत मोठा मॉनिटर घेतला. तो स्वतः खोकी रिक्षेपर्यंत घेऊन आला.

मशीनला स्वतःचं कॅबिनेट आहे. जुन्यातले कांदे तसेच राहू दिले.

१३ डिसेंबर
पहिली कॅसेट उतरवली. एका दुपारात झाली. कुठेही अडकली नाही. आवाज बंद ठेवला होता, आई काय म्हणते ते बाबांबरोबरच ऐकायचं म्हणून. रंग वगैरे सुधारायला बसलो, पण सुधारण्यासारखं फारसं काही सापडलं नाही.

एका दुपारात. हे मशीन जरा जास्तच वेगवान आहे.

२१ डिसेंबर
आज फिल्म लावली. बाबांना मॉनिटरच्या बरोबर समोर बसवलं. हॉलमधले दिवे मालवले. बाबांनी स्वच्छ शर्ट घालायला मागितला होता आणि केसही विंचरले होते.

सुरू झाल्यावर थोड्या वेळाने हिने स्वयंपाकघरातून हाक मारली, वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढून द्या म्हणून. आत गेलो. तिथे ऐकू येत होतं. बादली ठेवल्याचा आवाज, मग ओली चादर झटकल्याचा. सातवं मिनिट असणार. मी डबा हातात घेऊन उभा राहिलो. हीसुद्धा थांबली. आई म्हणाली, अहो, किती वेळ नुसते बघत उभे राहणार आहात? ठेवा ते आणि या, चादरीचं दुसरं टोक धरा.

मग कॅमेरा कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला, आणि बाबांचं हसणं. तेव्हाचं.

मी हॉलमध्ये आलो. मॉनिटर काळा होता. मागची वायर निघाली होती. मी उठताना माझाच पाय लागला असेल. आवाज चालू होता, गच्चीतली आई काहीतरी गुणगुणत होती, आणि पडद्यावर काहीही नव्हतं. बाबा पडद्याकडे तोंड करून ताठ बसले होते. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, काय स्वच्छ दिसतंय रे. चादरीवरच्या रेघासुद्धा दिसतायत. तू थांबलास ते बरंच केलंस.

मी वायर उचलली. मग परत खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. शेवटपर्यंत पाहिली आम्ही. ही चहा घेऊन आली, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बाबांची बोटं धरून कपाच्या कानाला लावून दिली.

वायर उद्या बघतो.