कडू नसलेला काढा

आत्याबाई,

जयभीम. तुम्हाले जाऊन वर्ष झालं. लिहिणं माझं काम नाई, दुसरीतच शाळा सुटली. पण काल जे कळलं ते दुसऱ्या कोणाले सांगू? ते तुमचंच आहे.

काल शेजारची लक्ष्मी आली. तिच्या नवऱ्याले आव पडून राह्यली होती. म्हणे, "तुमच्या सासूबाई देत ती कुड्याची साल द्या." मी नाल्यापलीकडच्या झाडाची काढून आणली. तर म्हणते, "आधी चाखा. त्या चाखल्याबिगर देत नव्हत्या."

चाखली. कडूच नाई. तो दुसरा कुडा, काळा. आवेवर त्याचा काही उपयोग नाई.

मागच्या पावसाळ्यात तुम्हाले आव लागली, तेव्हा त्याच झाडाची साल मी तुम्हाले उकळून पाजली होती.

दोन्ही झाडं तुम्ही मले दोनदा दाखवली. मी म्हटलं होतं, "झाडासारखं झाड, किती पाहू?" तुम्ही म्हणाल्या, "डोळ्याचं काम नाई बाई, चावून पाह्य." मी कुठी ऐकते!

पण तुमची जीभ तर शाबूत होती ना? अख्ख्या गावाले कडू पाजणाऱ्या तुम्ही, पहिल्या घोटालेच कळलं असेल. मग काऊन नाई बोलल्या? भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवत होत्या. अन् ते पाणी तीन दिवस मुकाट्यानं प्यायल्या. वरून भेटायले येणाऱ्या बायांले सांगत होत्या, "सून माझ्यासाठी चिखल तुडवत गेली." तेव्हा मले बरं वाटलं होतं. आता तेच टोचते.

एक शब्द बोलल्या असत्या तर मी भांडली असती, पण परत गेली असती. नाईतर दवाखान्यात न्यायले बैलगाडी जुंपली असती, पावसात एस.टी. बंदच होती. ती चौथ्या दिवशी जुंपली, अन् तुम्ही वाटेतच गेल्या. आपला जिल्हा नवा, वेगळा झाला, तरी दवाखाना तेवढाच लांब राह्यला.

चूक माझी आहे. पण सुनेचं मन राखायले कोणी जीव देते का?

लक्ष्मीले म्हटलं, "ही ती साल नाई. नवऱ्याले आत्ताच्या एस.टी.त बसव." तिनं विचारलं, "सासूबाईले हीच दिली होती का?"

मी हो म्हटलं.

आता अंदाजानं कोणाले काही देणार नाई. अन् उद्या माझी सून येईल. तिनं मले चुकीचं काही पाजलं तर पहिलाच घोट थुंकीन अन् तिले तोंडावर सांगीन. रडली तर रडू दे. हा माझा शब्द.

तुमची सून,
शेवंता